दख्खनचा घोडा आणि शिंगराचे पहिले वर्ष

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेलगत निर्णा हे गाव आहे. बीदरच्या पठाराची जांभ्या दगडाची तांबडी भुई या पट्ट्यात संपत येते आणि पुढे भीमेच्या खोऱ्यातील काळी जमीन सुरू होते. कन्नड, उर्दू, तेलुगू आणि मराठी या चारही भाषा इथल्या बाजारांत कानावर पडतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे आजच्या महाराष्ट्रातील तालुकेही बीदर जिल्ह्यातच होते. आज या पट्ट्यात घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत किंवा मेंढपाळांच्या तांड्यात. पाच-साडेपाच शतकांपूर्वी मात्र दख्खनमधील दोन मोठे घोडेबाजार याच परिसरात होते. उत्तरेला राजधानी बीदर आणि पश्चिमेला आळंद.

या बाजारांचे वर्णन आपल्याला एका रशियन व्यापाऱ्याने करून ठेवले आहे. त्वेर नगरीचा अफनासी निकितिन इ. स. १४७० च्या आसपास होर्मुझहून एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. या घोड्यासाठी त्याचे शंभर रूबल खर्ची पडले होते. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्मांतराची अट घातली. एका खुरासानी सरदाराच्या मध्यस्थीने तो परत मिळाला. पावसाळा जुन्नरला काढून निकितिन बीदरला पोहोचला आणि बऱ्याच काळाने त्याने तो घोडा तिथे विकला. आळंदच्या शेख अलाउद्दीनच्या दर्ग्याजवळ वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरतो आणि तिथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात, असे तो लिहितो. हा आकडा फुगवलेला असेल, असे धरले तरी व्यापाराचा विस्तार त्यावरून लक्षात येतो. घोड्यांना हरभरा घालतात, साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याने टिपले आहे.

त्याच निकितिनचे आणखी एक विधान आहे. या देशात घोडे जन्मत नाहीत. इथे बैल आणि म्हशी जन्मतात, असे तो म्हणतो. हे विधान इतिहासाच्या पुस्तकांत अनेकदा येते आणि बहुधा तसेच पुढे सोडून दिले जाते. अरबी समुद्रातून घोडे येत, चौल, दाभोळ, गोवा या बंदरांवर ताबा मिळवण्यासाठी बहमनी आणि विजयनगर यांच्यात चुरस होती, महमूद गवानाने १४७२ मध्ये गोवा घेतला, पुढे १५१० मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला आणि घोड्यांचा व्यापार त्यांच्या मुठीत आला, ही साखळी आपल्याला पाठ असते. पण घोडे बाहेरून का आणावे लागत, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ज्या प्रदेशात हजारो घोड्या होत्या, तिथे शिंगरे होत नव्हती काय? होत असतील, तर त्यांचे काय होत होते?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर मार्को पोलोने दिले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो तमिळ किनाऱ्यावर, म्हणजे त्याच्या भाषेत ‘माबर’मध्ये आला होता. तिथले राजे दरवर्षी दोन दोन हजार घोडे विकत घेतात आणि वर्षाअखेर त्यांतले शंभरही उरत नाहीत, असे तो सांगतो. नालबंद तिथे नाहीत, घोडे अधिक मरावेत म्हणून परदेशी व्यापारी आपल्याकडचे नालबंद तिकडे जाऊ देत नाहीत, आणि घोड्यांना मांस घालून शिजवलेला भात चारला जातो, ही त्याची कारणमीमांसा. यापुढे तो जे सांगतो ते आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. उत्तम घोड्यापासून उत्तम घोडीला शिंगरू झाले तरी ते खुजे निपजते, त्याचे पाय वाकडे असतात आणि ते स्वारीच्या उपयोगाचे राहत नाही.

प्रवाशांच्या सांगण्यात अतिशयोक्ती असते. तथापि वाकड्या पायांचे शिंगरू ही काही कल्पित गोष्ट नव्हे. पशुवैद्यकाला ती चांगली ठाऊक आहे. काही शिंगरे जन्मतःच आखडलेल्या शिरांची असतात. काहींचे घोटे इतके सैल असतात की ते जवळजवळ जमिनीला टेकतात. यांतली बरीच शिंगरे थोडी हालचाल, थोडी विश्रांती आणि सपाट, कोरडी जागा मिळाली तर काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप सावरतात. दुसरे कारण चाऱ्यातले असते. धान्य, कोंडा यांत स्फुरद पुष्कळ आणि चुना थोडा. उष्ण प्रदेशातील काही गवतांतला चुना घोड्याच्या अंगीच लागत नाही. नुसत्या चंदीवर पोसलेल्या जनावराची हाडे त्यामुळे दुबळी होतात आणि वाढत्या शिंगराच्या पायांवर त्याचा परिणाम आधी दिसतो. भात आणि शिजवलेली खिचडी हा पागेतल्या श्रीमंतीचा खुराक होता, पण शिंगराच्या हाडांना त्यातून फारसे काही मिळत नसणार. मार्को पोलोने पाहिलेल्या शिंगरांपैकी कितींचे पाय जन्मतः अधू होते आणि किती शिंगरे सावरायच्या आत निकालात काढली गेली, असा प्रश्न आज विचारता येतो.

पायांचा प्रश्न दिसणारा तरी असतो. शिंगराच्या जिवावरचे खरे संकट त्याच्या जन्मानंतरच्या पहिल्या दिवशीच येते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. घोडी अकरा महिने गाभण असते. मानवी बालकाला आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भातच वारेतून मिळतात. घोडीच्या वारेची रचना अशी असते की ती द्रव्ये शिंगरापर्यंत पोहोचू शकत नाहीत. शिंगरू या जगात येते ते जवळजवळ निःशस्त्र. त्याचे सारे संरक्षण आईच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात असते. आणि चिकातील ही द्रव्ये शोषून घेण्याची आतड्यांची शक्ती जन्मानंतर तासातासाने कमी होत जाते. पहिले काही तास सर्वांत मोलाचे, चोवीस तासांनंतर ते दार बंद होते. तासाभरात शिंगरू उभे राहावे, दोन तासांत त्याने कास धरावी आणि तीन तासांत घोडीची वार पडावी, असा घोडेपाळांचा साधा आडाखा आहे. यांत उशीर झाला की समजावे, काहीतरी बिनसले आहे.

गाई-म्हशींच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. घोडीचे दूध काढण्याची आपल्याकडे रीत नाही, म्हणून शिंगराचा चीक कोणी हिरावून घेत नाही. शिंगराला धोका असतो तो उशिराचा. काही घोड्यांच्या कासेतून व्यायच्या आधीच चीक गळून जातो. पहिलटकरीण घोडी शिंगराला जवळ येऊ देत नाही. एखादे शिंगरू जन्मतःच मंद असते. ते भिंतीला तोंड लावून उभे राहते आणि कास त्याला सापडत नाही. कधी पोटातली काळसर, चिकट पहिली लीद अडकून बसते आणि कळा येऊन शिंगरू पिणे सोडते. अशा शिंगराला तोंडाने वा नळीने चीक पाजता येतो. आईचा नसेल तर दुसऱ्या व्यायलेल्या घोडीचा. एवढे झाले नाही, तर त्या वेळी धडधाकट दिसणारे शिंगरू चार-आठ दिवसांत तापाने, सांधे सुजून वा हगवणीने जाते आणि मालक दैवाला बोल लावतो.

दुसरे दार नाळेचे. ओली, उघडी नाळ जमिनीला लागते. जमिनीवर लीद आणि मूत असते. त्यातून शिरलेला संसर्ग रक्तात जाऊन सांध्यांत उतरतो. बेंबी पिकणे आणि सांधे सुजणे ही एकाच रोगाची दोन टोके आहेत, हे पूर्वी उमगणे अवघड होते. धनुर्वाताचे जंतू तर घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीतच वास करतात, आणि साऱ्या पाळीव जनावरांत घोडा या रोगाला विशेष लवकर बळी पडतो. नाळ जंतुनाशक द्रवात बुडवणे आणि व्यायच्या जागी कोरडे, स्वच्छ गवत अंथरणे, एवढ्याने यांतले बरेच काही टळते.

पहिला दिवस निभावला तरी वर्ष बाकी असते. आठव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास बहुतेक शिंगरांना पातळ होते. त्याच सुमारास घोडी पुन्हा माजावर येत असल्याने आईचे दूध ‘बिघडले’ अशी समजूत सर्वत्र रूढ झाली. आईविना वाढवलेल्या शिंगरांनाही ही हगवण लागते, हे पाहिल्यावर ती समजूत मागे पडली. या वयात शिंगरू आईची लीद खाते, ही घाण सवय नसून आतड्यांत आवश्यक जंतू रुजवण्याची निसर्गाची तजवीज आहे, हेही आता ठाऊक झाले आहे. एक ते सहा महिन्यांच्या वयात धुळीतून येणारा फुप्फुसांचा एक चिवट रोग होतो. त्याच्या जंतूचे वर्णन स्वीडनमध्ये माग्नुसन याने १९२३ मध्ये केले. मग जंत, गळ्याच्या गाठी पिकवणारा सांसर्गिक रोग, आणि चार-सहा महिन्यांनी दूध तुटल्यावरची अशक्तता. ही सारी वाट चालून आलेले शिंगरूच पुढे घोडा होते. त्यानंतरही त्याच्यावर स्वार बसायला तीन-चार वर्षे थांबावे लागते.

आता पुन्हा बीदरकडे वळू. सुलतानाला घोडा हवा होता तो आज, लढाईसाठी, उंच आणि दमदार. होर्मुझच्या व्यापाऱ्याने आणलेला घोडा ही सारी वाट दुसऱ्याच्या अंगणात चालून आलेला असे. मेलेल्या शिंगरांचा तोटा अरबस्तानात वा इराणात कोणी सोसला, याच्याशी ग्राहकाला देणेघेणे नव्हते. बंदर ताब्यात असेल आणि खजिन्यात पैसा असेल, तर शिंगरू सांभाळण्याचे ज्ञान नसले तरी चालत होते. निकितिनला घोडा ‘जन्मत नाही’ असे वाटले याचे कारण माझ्या मते हेच आहे. बाजारात त्याला विकत घेतलेला घोडा तेवढा दिसला, आणि घोडा म्हणून मोजला जात होता तोही तोच.

याच राजसत्तेच्या पदरी अश्वविद्या नव्हती, असे मात्र नाही. राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला हलवणारा अहमदशाह वली बहमनी (राज्यकाल १४२२ ते १४३६) याच्या आज्ञेने अब्दुल्ला इब्न सफी याने संस्कृत शालिहोत्राचा फार्सीत तर्जुमा केला. शालिहोत्राच्या नावावरूनच घोड्यांच्या वैद्याला आपल्याकडे ‘सालोत्री’ हा शब्द आला. इंग्रजी फौजेतही हिंदी घोडेवैद्यांना तो लावला जाई. जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’, नकुलाच्या नावावर असलेले ‘अश्वचिकित्सित’ हे ग्रंथ आणि फार्सी फरसनामे यांची परंपरा मोठी आहे. पण आपल्या लोकव्यवहारात या विद्येतले जे टिकले ते प्रामुख्याने पारखीचे ज्ञान आहे. दातांवरून वय, रंगावरून स्वभाव, भोवऱ्यांवरून शुभाशुभ. देवमण असलेला घोडा आणि चारही पायांनी व तोंडाने पांढरा पंचकल्याण यांची नावे अजूनही बाजारात घेतली जातात. विकत घेणाऱ्याला लागणारी विद्या ही अशी असते. व्यायलेल्या घोडीजवळ रात्र काढणाऱ्याला लागणारी विद्या वेगळी, आणि ती लिहून ठेवण्याची गरज दरबाराला भासली नसावी.

ती विद्या ज्यांच्याकडे होती ते लोक दरबाराबाहेरचे होते. भीमेच्या काठाने वाढलेले भीमथडीचे तट्टू हे त्यांच्या कामाचे फळ. २०२३ मध्ये महाराष्ट्राचे राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या गीतामुळे हे नाव आज शाळकरी मुलांनाही माहीत आहे. भीमा पुढे कलबुर्गी जिल्ह्यातूनच वाहते. तेव्हा हे तट्टू आपल्या या पट्ट्यालाही परके नव्हे. ठेंगणे, काटक, थोड्या चाऱ्यावर राहणारे, कठीण खुरांचे हे जनावर बंदरातून आलेले नव्हते. ते इथेच जन्मले, इथल्याच कुरणांवर आणि कडब्यावर वाढले. घोडे इथे जन्मतच नव्हते, या विधानाला इतिहासाने दिलेले हे उत्तर आहे.

शिवकालीन घोडदळाची व्यवस्था सांगताना सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत लिहिलेल्या बखरीत दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. म्हणजे माबरात जी उणीव मार्को पोलोला दिसली, ती इथे नियमानेच भरून काढली होती. दुसरी गोष्ट, लष्कराने आठ महिने बाहेर राहावे आणि पावसाळ्यात आपल्या मुलखात छावणीस यावे. तिथे दाणा, वैरण, औषधे आणि शाकारलेली घरे तयार असावीत. या वेळापत्रकावरून एक हिशेब मांडता येतो. दसऱ्याला निघालेली घोडी घरी असणार ती पावसाळ्यात. ती श्रावणात फळली, तर साडेअकरा चांद्रमासांनी, म्हणजे पुढच्या आषाढाच्या सुमारास व्यायची. म्हणजे पोट वाढत असताना ती मोहिमेवर, आणि शिंगरू जन्मणार ते चिखलात, माशांच्या दिवसांत. ओल्या नाळेला याहून वाईट ऋतू नाही. छावणीतली कोरडी, शाकारलेली जागा किती मोलाची होती, हे या हिशेबावरून समजते. सरकारी घोड्यावरच्या बारगिराचे जनावर मेले तर सरकारातून दुसरे मिळे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. त्याचे शिंगरू म्हणजे त्याच्या घरचे भांडवल. शिंगराला जपण्याची निकड त्यामुळे शिलेदाराच्या दारात अधिक असणार. बखरींत त्या दाराचे वर्णन नाही, पण भीमथडीचे तट्टू टिकले ते अशाच दारांमुळे.

एकोणिसाव्या शतकात पशुवैद्यकाचे नवे शिक्षण आपल्याकडे आले, तेही बव्हंशी फौजेच्या घोड्यांच्या पाठीवरून. मुंबईच्या परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले. १८८९ मध्ये पुण्यात सूक्ष्मजंतूंची सरकारी प्रयोगशाळा निघाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँतील मुक्तेश्वरला हलली. युरोपात १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वाताचे प्रतिविष शोधले. १८९२ मध्ये पॉल एर्लिख याने उंदरांवरील प्रयोगांतून आईच्या दुधावाटे पिलाला रोगप्रतिकार मिळतो, हे दाखवले. शिंगराच्या पहिल्या दिवसाचे कोडे उलगडण्याची ही सुरुवात होती. पुढे धनुर्वाताचे आणि सर्पदंशाचे प्रतिविष तयार करण्यासाठी घोड्याचेच रक्त वापरात आले. पुण्याजवळ पिंपरीला हाफकिन संस्थेचे घोडे याच कामासाठी ठेवले गेले. पुण्यात पूनावाला घराण्याने शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीवरून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची उभारणी केली, त्यामागेही हेच नाते होते. जी प्रतिद्रव्ये घोडी आपल्या चिकातून शिंगराला देते, त्याच जातीची प्रतिद्रव्ये घोड्याच्या रक्तातून माणसाने आपल्यासाठी घेतली. असंख्य माणसे या ऋणावर वाचली आहेत.

ज्या बीदरला निकितिनने आपला घोडा विकला, त्याच बीदरला आज कर्नाटकाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. तिथले पशुवैद्यक महाविद्यालय १९८५ पासूनचे. गवानाचा १४७२ चा मदरसा जिथे अर्धवट अवस्थेत उभा आहे, त्या शहरात शिंगराच्या चिकाचे आणि नाळेचे शास्त्र वर्गात शिकवले जाते. शास्त्र जवळ आले, घोडा मात्र कमी झाला. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली. २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे ४५ टक्क्यांची. राहिलेले घोडे कोणाकडे आहेत हेही पाहिले पाहिजे. शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यांत शिंगराच्या जन्माच्या वेळी वैद्य हजर असतो, त्याच्या रक्तातील प्रतिद्रव्ये मोजली जातात आणि ती कमी भरली तर रक्तद्रव चढवला जातो. वीटभट्टीवर, मेंढपाळाच्या तांड्यात, वरातीच्या घोडीवाल्याकडे यांतले काहीच नसते. तिथे व्यायलेली घोडी दोन-चार दिवसांत पुन्हा ओझ्याला लागते आणि शिंगरू तिच्यामागे धावते.

या घरांना महाग उपचार परवडणारे नाहीत. त्यांची निकडही फार थोड्या वेळा असते. व्यायच्या महिना-दीड महिना आधी घोडीला धनुर्वाताची लस, कोरडी जागा, नाळेला जंतुनाशक, दोन तासांच्या आत चीक, शिंगरू पीत नसेल तर त्याच दिवशी वैद्य, आणि पुढे वेळच्या वेळी जंताचे औषध. यांतील प्रत्येक गोष्ट साधी आहे आणि कोणत्याही तालुक्याच्या पशुदवाखान्याच्या आवाक्यातली आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात दरवर्षी घोडे येतात. तिथे घोड्याची चाल, रंग आणि भोवरे पाहायला गर्दी लोटते. त्याच गर्दीत घोडी पाळणारी ही सारी माणसेही असतात. चीक आणि नाळ या दोनच गोष्टी त्यांच्या भाषेत त्यांना तिथे सांगितल्या गेल्या, तर तो शालिहोत्राचा आजच्या काळातला तर्जुमा ठरेल.

भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय स्तरावर नोंद २०२४ मध्ये झाली. निकितिननंतर साडेपाच शतकांनी, दख्खनमध्ये घोडे जन्मतात, हे आपण कागदावर मान्य केले असे म्हणता येईल. कागदावर नोंदलेली जात पुढच्या पिढीत उतरते ती मात्र शिंगरे जगली तरच. म्हणून दख्खनच्या घोड्याचा इतिहास लिहिताना बंदरे, बाजार आणि लढाया यांच्या बरोबरीने पावसाळ्याच्या रात्री घोडीजवळ कंदील घेऊन बसलेल्या माणसालाही जागा द्यावी लागेल. त्याचे नाव कुठल्याच बखरीत नाही. पण आळंदच्या बाजारात नसलेला, आणि तरीही इथेच टिकून राहिलेला घोडा त्याने वाढवला आहे.